देवराष्ट्रेची गाडी : कौतुक झालं, वाचन राहिलं

पेटच्या मुलाखती जवळ आल्या की मला एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत येतो : 'रिसर्च गॅप शोधायची कशी?' माझं उत्तर थोडं कंटाळवाणं आहे. आधी वाचायला शिका. आणि वाचायचं म्हणजे फक्त शोधनिबंध नव्हे. जी गोष्ट तुम्ही मोबाइलवर दहा वेळा पाहिली, 'वा!' म्हणून पुढं पाठवली, तीसुद्धा नीट वाचता आली पाहिजे. म्हणून आज एका गाजलेल्या गाडीच्या गोष्टीची समीक्षा करू. गाडीची नाही हं, गोष्टीची.

सांगली जिल्ह्यातलं देवराष्ट्रे हे कडेगाव तालुक्यातलं गाव, यशवंतराव चव्हाणांचं जन्मगाव. तिथल्या दत्तात्रय लोहार यांनी भंगारातले आणि जुन्या गाड्यांचे भाग जोडून स्वतःची चारचाकी तयार केली. खर्च सुमारे ६० हजार रुपये. गाडी सुरू व्हायची ती दुचाकीसारखी किक मारून. डिसेंबर २०२१ मध्ये तिचा व्हिडिओ देशभर फिरला. आनंद महिंद्रांनी कौतुक केलं, ही गाडी नियमांत बसत नाही आणि आज ना उद्या ती रस्त्यावर अडवली जाईल असंही लिहिलं, आणि बदल्यात बोलेरो देऊ केली. लोहारांची गाडी चेन्नईजवळच्या महिंद्रा रिसर्च व्हॅलीत प्रेरणा म्हणून ठेवता येईल, असा प्रस्ताव होता. जानेवारी २०२२ मध्ये बोलेरो लोहार कुटुंबाच्या हाती आली.

गोष्ट गोड आहे. महिंद्रांचा दिलदारपणाही खरा आणि नियमांबद्दलचा इशाराही खरा. माझी तक्रार वेगळीच आहे. ही गोष्ट ज्या पद्धतीनं सांगितली गेली तिच्यात तीनच गोष्टी ठळक राहिल्या : ६० हजार, किक आणि बोलेरो. म्हणजे किंमत, नवल आणि बक्षीस. गाडी कशी चालते, हे कुणाला सांगावंसं वाटलं नाही.

आता संशोधकाच्या नजरेनं बघा. गाडी वळते तेव्हा काय होतं? धरून चाला, मागच्या दोन चाकांमधलं अंतर १.२ मीटर आहे आणि गाडीचा मध्य ५ मीटर त्रिज्येच्या वर्तुळावर वळतोय. मग आतलं चाक ४.४ मीटर त्रिज्येवर धावतं आणि बाहेरचं ५.६ मीटरवर. नुसतं काटकोनात वळलात तरी आतलं चाक जवळपास ६.९ मीटर जाईल आणि बाहेरचं ८.८ मीटर. जवळजवळ दोन मीटरचा फरक, तोही एका वळणात! हा फरक कुठं जातो? कंपनीच्या गाडीत त्यासाठी डिफरन्शियल असतं. घरी गाडी बनवणाऱ्याला हा प्रश्न चुकत नाही. एक तर त्याला जुन्या गाडीचं डिफरन्शियल बसवावं लागतं, किंवा एकाच चाकाला ताकद द्यावी लागते, किंवा टायर घासू द्यावे लागतात. दुचाकीच्या इंजिनाला रिव्हर्स गिअर नसतो, तर मागं कसं यायचं? ब्रेक मारल्यावर वजन पुढं ढकललं जातं, मग पुढच्या आणि मागच्या चाकांना ब्रेक किती किती वाटून द्यायचा? अशा प्रत्येक ठिकाणी बनवणाऱ्याला काहीतरी ठरवावं लागतं, आणि ठरवण्याआधी दोन-तीन पर्याय फसलेले असतात. संशोधन म्हणतात ते हेच. आपल्या हाती आला तो फक्त शेवटचा फोटो.

आणि मग त्या सगळ्यावर एक शब्द झाकण म्हणून ठेवला जातो : जुगाड. मला हा शब्द आवडत नाही, सरळ सांगतो. कंपनीतल्या इंजिनिअरनं कमी साहित्यात काही बसवलं तर त्याला डिझाइन म्हणायचं, लोहारानं बसवलं तर जुगाड. जुगाड म्हटलं की कसं केलं हे विचारायची गरजच उरत नाही. जणू आपल्या मातीतून ते आपोआप उगवतं. कौतुक वाटलं तरी त्या माणसाची विचार करण्याची पद्धत आपण त्याच्याकडून काढूनच घेतो. प्रदर्शनात वस्तू पोचते. ती घडवताना केलेली मोजमापं, टाकून दिलेले सांधे, बदललेले गिअर पोचत नाहीत, कारण ते कुणी लिहून घेतलेले नसतात.

हे मी का उगाळतोय? कारण तुमच्यातले बरेच जण आमच्या झरीसारख्या गावांतून आलेत, आणि प्रस्तावात 'कमी खर्चाचे' हा शब्द घातला की काम झालं असं समजतात. कमी खर्चाचं अमुक यंत्र, कमी खर्चाचा तमुक सेन्सर. खर्च कमी असणं हा निष्कर्ष नव्हे. कशाच्या बदल्यात कमी झाला, अचूकता किती गेली, कुठल्या परिस्थितीत ते यंत्र दगा देतं, हे सांगाल तर समिती कान टवकारेल.

झरी परभणी–जिंतूर रस्त्यावरचं गाव. घरची गाडी घरीच बघणारी माणसं इथं पुष्कळ. कारण हौस कमी आणि गरज जास्त : दर वेळी परभणीला गाडी न्यायची म्हणजे दिवस मोडतो. एअर फिल्टर झटकणं, ऑइल बदलणं, बॅटरीच्या टर्मिनलवर साचलेला पांढरा-हिरवा थर खायच्या सोड्याच्या कोमट पाण्यानं धुणं, ही कामं अंगणात होतात. जाणता माणूस टर्मिनल सोडवताना आधी मायनस सोडवतो. का, ते विचारून बघा. बऱ्याचदा उत्तर मिळतं, 'तसंच करायचं असतं.' कारण मात्र पक्कं आहे. गाडीची बॉडी मायनसला जोडलेली असते. आधी प्लस सोडवायला गेलात आणि पाना बॉडीला टेकला, तर थेट शॉर्ट सर्किट. मायनस आधी काढला की पाना बॉडीला टेकू दे, सर्किट पूर्णच होत नाही. नियम हातात आहे, कारण तोंडात नाही. मधली ती जागा भरणं हे तुमचं काम.

तीच गत निदानाची. गाडी सेल घेत नाही म्हटल्यावर चांगला मिस्त्री आधी काहीच उघडत नाही. तो हेडलाइट लावायला सांगतो आणि सेल मारायला सांगतो. दिवा मंदावला तर संशय बॅटरीवर किंवा सैल टर्मिनलवर. दिवा तसाच लख्ख आणि आवाजही नाही, तर करंट स्टार्टरपर्यंत जातच नाहीये. एका चाचणीत अर्धी कारणं बाद! तुमच्या कार्यपद्धतीच्या प्रकरणात एवढा नेमका प्रयोग एखादा जरी असला तरी मी तुमचा प्रबंध आनंदानं वाचीन.

आता दुसऱ्या बाजूचं वाचन, म्हणजे कायद्याचं. लोहारांसारखी गाडी रस्त्यावर आणायची तर नोंदणी हवी, आणि नोंदणीआधी नमुन्याची चाचणी हवी. ती पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्था करतात. नोंदलेल्या गाडीत फेरबदल करणाऱ्यांसाठी मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे. उत्पादकानं मुळात दिलेल्या तपशिलाशी विसंगत होईल असा बदल मालकानं करू नये, असं ते सांगतं. केरळमधून आलेल्या एका प्रकरणात ९ जानेवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयानं हे कलम कडकपणे लावलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनं दंडही बांधला : प्रत्येक बदलामागे ५ हजार रुपये, किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. मान्यताप्राप्त सीएनजी किट बसवून आरसीवर नोंद करून घेण्यासारखे ठरावीक रस्ते खुले आहेत, बाकी फाटक बंद.

हौशी मंडळी यावर चिडतात. पण कायद्यामागचा तर्क आपल्याला ओळखीचा वाटायला हवा. चाचणी सुट्या भागाची झालेली नसते, ती पूर्ण गाडीची झालेली असते. तुम्ही एक चल बदललं की जुना निकाल तसाच लागू राहील याची हमी नाही.

टायरचंच घ्या. दिसायला भारी म्हणून मोठे टायर टाकायची फॅशन आहे. समजा टायरचा व्यास ५ टक्क्यांनी वाढला. गाडीचा काटा चाकाच्या फेऱ्या मोजतो, रस्ता नाही. म्हणजे काट्यावर ६० दिसेल तेव्हा गाडी ६३ नं धावत असेल. इथवर बऱ्याच जणांना माहीत असतं. पुढची गंमत कुणी बघत नाही : किलोमीटरचा आकडाही तेवढाच कमी भरतो, आणि मग मालक सांगतो, 'मोठे टायर टाकले, मायलेज पडलं.' काही पडलंही असेल, वजनामुळं. पण त्यातला ५ टक्क्यांच्या आसपासचा भाग नुसता मोजपट्टी बदलल्याचा आहे. बदल केला आणि त्या बदलानं मोजायचं साधनच बदललं! तुमच्या प्रयोगशाळेत हे होत नाही असं समजू नका.

मायलेजवरून इथेनॉल आठवणारच. २०२५ मध्ये वीस टक्के इथेनॉलच्या पेट्रोलवरून केवढं रान पेटलं होतं! 'एका टाकीत फरक कळला' असं म्हणणारे एकीकडं आणि 'सगळे भ्रम आहेत' म्हणणारे दुसरीकडं. दोघांचंही वाचन कच्चं.

आधी भौतिकी. एक लिटर पेट्रोलमध्ये साधारण ३२ मेगाज्यूल ऊर्जा असते, एक लिटर इथेनॉलमध्ये साधारण २१. वीस टक्के मिश्रणात ती २९.८ होते, म्हणजे शुद्ध पेट्रोलपेक्षा जवळपास ७ टक्के कमी. नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यातही, मुळात शुद्ध पेट्रोलसाठी बनलेल्या आणि दहा टक्के मिश्रणासाठी जुळवलेल्या चारचाकींच्या कार्यक्षमतेत ६ ते ७ टक्के घट अंदाजली होती. म्हणजे भ्रम नाही. पण तुलना कशाशी? पंपावर आधी दहा टक्क्यांचं मिश्रण मिळत होतं. त्याच्याशी तुलना केली तर ऊर्जेतला फरक ३.५ टक्क्यांवर येतो. दोन्ही बाजू वेगवेगळ्या पायारेषा धरून भांडत होत्या, आणि वाद ऐकणाऱ्या कुणी विचारलं नाही की बाबांनो, शून्य कुठं धरलाय.

आता मोजणी. घरची पद्धत म्हणजे टाकी फुल करायची, चालवायची, पुन्हा फुल करायची. पंपाचं नोझल दर वेळी नेमक्या त्याच पातळीला कट होत नाही. धरा, अर्धा लिटर इकडं-तिकडं. सुरुवातीची एक चूक आणि शेवटची एक, मिळून साधारण ०.७ लिटर. मध्ये १० लिटरच जाळलं असेल तर अनिश्चितता ७ टक्के. ज्या फरकाचा शोध घेताय त्याच्या दुप्पट! पण सलग पाच वेळा फुल करत १५० लिटर जाळलं, तर ही चूक पाचपट होत नाही. मधल्या प्रत्येक भरण्यात जे जास्त गेलं ते पुढच्या वेळी कमी जातं, आणि उरतात फक्त दोन टोकं. तेच ०.७ लिटर आता १५० वर, म्हणजे अर्ध्या टक्क्याहूनही कमी. एक पैसा जादा खर्च न करता मोजणी चौदा-पंधरा पट सुधारली. रस्ता, एसी, टायरची हवा, भार सारखे राहिले पाहिजेत हे आहेच. मे महिन्यातल्या परभणीची तुलना डिसेंबरशी करून चालणार नाही.

म्हणून कुणी मला विचारलं, देवराष्ट्रेच्या गाडीवर काय लिहिता येईल, तर मी किमतीपासून सुरुवात करणार नाही. अशी गाडी बनवणाऱ्याच्या शेजारी बसून लिहायचं : कुठला भाग कुठून आला, तो तिथं बसण्यासाठी काय कापलं, कुठला सांधा दुसऱ्यांदा केला आणि पहिला का सोडला, रिकाम्या गाडीला आणि चार माणसं बसल्यावर थांबायला किती अंतर लागतं. मुलाखतीसाठी प्रश्नावली नेऊ नका, वही आणि मोजपट्टी न्या. 'का?' ला 'तसंच असतं' असं उत्तर आलं तर तिथं फुली मारून ठेवा आणि संध्याकाळी त्यावर विचार करा. अशा दहा फुल्या जमल्या की मला कळवा, प्रस्तावाचा आराखडा कसा मांडायचा ते आपण पुढच्या लेखात त्यांच्यावरूनच बघू.