विकाजी-पेस्तनजी : दानाच्या यादीत न मावणारे वऱ्हाड

एकोणिसाव्या शतकातील पारशी सावकाराचे चरित्र बहुधा दोन खात्यांत लिहिले जाते. एका खात्यात कमाई, दुसऱ्यात दान. तारापूरचे विकाजी मेहेरजी आणि त्यांचे बंधू पेस्तनजी यांचेही तसेच झाले आहे. तारापूरची आणि सिकंदराबादची अग्यारी दानाच्या खात्यात ठळकपणे येते. कमाईचे खाते उघडायचे तर मात्र वऱ्हाडात यावे लागते.

अमरावतीचा कापूस पूर्वी बैलांच्या पाठीवरून मिर्झापूरकडे, म्हणजे बंगालच्या वाटेने जाई. १८२५-२६ साली या पेढीने तो घाट उतरवून मुंबईला नेला. गॅझेटियरातील नोंद ५०० बैल आणि १,२०,००० पौंड अशी आहे. म्हणजे बैलामागे सुमारे तीन बंगाली मण. पुढे खामगावला, म्हणजे नंतरच्या अकोला जिल्ह्यातल्या (आज बुलढाण्यातल्या) पेठेत, त्यांनी गठाणी दाबण्याचे स्क्रू बसवले. आगगाडी तिथे पोचली ती १८७० साली! तरीही नव्या वाटेने जुनी लगेच मोडली, असे समजू नये. १८४२ मध्ये अमरावतीच्या एकाच व्यापाऱ्याने लाखभर बैल कलकत्त्याकडे धाडल्याचे सांगतात. आकडा फारच गोल आहे. पण पूर्वेची वाट वाहती होती एवढे त्यावरून मानायला हरकत नाही.

पेढी मोठी झाली ती केवळ कापसावर नव्हे. दिवाण चंदुलाल यांच्या काळात तिने निजामाला कर्ज दिले, आणि त्या कर्जापोटी वऱ्हाड व औरंगाबादकडील मुलखाचा वसूल तिच्याकडे लावून दिला गेला. औरंगाबादच्या टांकसाळीतून पेस्तनशाही रुपया निघाला तो याच भरात. १८४३ मध्ये चंदुलाल पायउतार झाले, १८४५ मध्ये पेढीकडून मुलूख काढून घेतला गेला, इंग्रजांनी हात वर केले. पेढी बसली.

दोसाभाई फ्रामजी कराका यांनी १८८४ च्या आपल्या पारशी इतिहासात ही हकीगत अन्याय झालेल्या सावकाराची म्हणून सांगितली आहे. अन्याय झाला, हे मलाही मान्य आहे. पण त्या कथेत निजाम आहे, रेसिडेंट आहे, पेढी आहे. ज्याच्या पिकातून वसूल निघायचा तो कुणबी कुठेच नाही. उपकारकर्त्याचे चरित्र लिहिताना ऋणको-धनको पाहिले आणि तारण पाहायचे राहिले. हीच त्या चरित्रपद्धतीची खरी उणीव आहे. आठ वर्षांनी, १८५३ च्या तहाने, तोच वऱ्हाड कंपनीकडे लावून दिला गेला. कारण पुन्हा निजामाचे देणे. या दुसऱ्या तारणाबद्दल आपले इतिहासकार रागाने लिहितात. पहिले मात्र ते पारशी समाजाच्या गौरवग्रंथांवर सोपवून मोकळे होतात.

सिकंदराबादची अग्यारी १८४७ ची आहे, मुलूख हातचा गेल्यानंतर दोन वर्षांची. बुडत्या पेढीने असे दान करावे, यात मोठेपणा आहेच. फक्त त्या बांधकामाच्या हिशेबात वऱ्हाडच्या वसुलाचा वाटा किती, हा प्रश्न चरित्रकाराने विचारायला हवा होता.