भूपात मध्यम आला कुठून?

मंडळी, नागपुरात घरोघरी कीबोर्ड आलेत, म्हणून आज हा विषय. गाण्याला कॉर्डची साथ करायला शिकवतात कशी?

सर्रास रीत अशी की सा-ग-प, म-ध-सा आणि प-नी-रे हे तीन कॉर्ड हातात बसवा, मग कुठलंही गाणं वाजेल. पांढरी एक षड्ज धरला, तर हेच सी, एफ, जी मेजर. यात सातही शुद्ध स्वर येतात, त्यामुळे बिलावलाच्या वळणाच्या चालीला ते शोभतातही. आमची हरकत आहे ती 'कुठलंही' या शब्दाला.

भूपाचंच घ्या. सा रे ग प ध, बस्स. तिथे दुसरा कॉर्ड धरला की मध्यम वाजतो, तिसरा धरला की निषाद. गाणारी बिचारी पाच स्वर सांभाळतेय आणि साथीदार वर्ज्य असलेले नेमके दोन पुरवतोय! दुर्गा तर त्याहून मजेदार. तिथे गंधारच नाही, म्हणजे पहिलाच कॉर्ड बाद. यमनात तीव्र मध्यमामुळे म-ध-सा जातो, पण रे, तीव्र म, ध हा मेजर कॉर्ड आयता मिळतो. तो मात्र शिकवायचा राहून जातो.

यावर काही जाणकार म्हणतात, मग कॉर्ड नकोतच. हेही आम्हाला पटत नाही. ऑल इंडिया रेडिओनं १९४० मध्ये हार्मोनियमवर बंदी घातली, ती १९७१ पर्यंत टिकली. आपलं नागपूर केंद्र १९४८ चं, म्हणजे ऐन बंदीतलं. पण म्हणून मैफलीतून पेटी हलली का? आणि गोव्याच्या सेबॅस्टियन डिसूझांनी शंकर-जयकिशनच्या चालींखाली जी हार्मनी बांधली, ती चालीच्या आड येत नाही.

तेव्हा कॉर्ड रागाच्या स्वरांतूनच काढावेत. भूपात सा-ग-प आणि ध-सा-ग घरचेच आहेत. चाल रिषभावर थांबली, तर प-नी-रे मधला निषाद काढून नुसते प आणि रे धरा. थोडं रिकामं वाटेल, वाटू द्या. मींड सुरू झाली की हात उचला.

मालकंसाचं काय, असा प्रश्न आत्ता समोरून आला. तिथे पंचम नाही. म, कोमल ध, सा हा मायनर कॉर्ड धरून बघा. तंबोराही तिथे मध्यमातच लावतात.