ल्यूपसचा गुणतक्ता आणि बिनगुणांचा नियम

ल्यूपस हा स्वप्रतिकारातून उद्भवणारा, संधिवाताच्या गटातील रोग. शरीराचे रक्षण करणारी प्रतिपिंडे येथे स्वतःच्याच पेशींवर उलटतात. सांधे, त्वचा, मूत्रपिंड, रक्तपेशी यांपैकी कशावरही घाला येऊ शकतो. त्यामुळे दोन रुग्णांची लक्षणे सहसा सारखी नसतात. एकट्याने निकाल देईल अशी चाचणीही नाही. म्हणून तज्ज्ञांनी वेळोवेळी निकष ठरवले. १९८२च्या अमेरिकन यादीत ११ मुद्दे होते आणि त्यांतील ४ जुळणे पुरेसे होते. २०१९ साली युरोप व अमेरिकेतील संधिवाततज्ज्ञांच्या संघटनांनी मिळून यादीच्या जागी गुणतक्ता आणला. तो वापरताना काय जपावे, हे पाहण्यासारखे आहे.

तक्त्याची प्रवेशपरीक्षा म्हणजे ए.एन.ए. चाचणी. सीरम ८० पट विरल केल्यावरही पेशीकेंद्रकाला चिकटणारी प्रतिपिंडे दिसली पाहिजेत. मग तापाला २ गुण, श्वेतपेशी घटल्यास ३, सांध्यांच्या दाहाला ६, डी.एन.ए.विरोधी प्रतिपिंडांना ६ आणि मूत्रपिंडाच्या बायॉप्सीत तीव्र दाहाचे ठराविक प्रकार आढळल्यास १०. एकूण १० गुण झाले की उत्तीर्ण. जुन्या यादीत सर्व मुद्द्यांचे वजन सारखे होते. येथे मूत्रपिंडाला त्याचे महत्त्व मिळाले. शिवाय नुसत्या प्रतिपिंडांच्या चाचण्यांवर कोणी उत्तीर्ण होत नाही. या दोन्ही सुधारणा स्वागतार्ह आहेत.

आता उणिवा पाहू. ए.एन.ए. निगेटिव्ह असलेल्या मोजक्या रुग्णांना तक्ता दारातच अडवतो. उलट, १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात निरोगी व्यक्तींपैकी सुमारे १३ टक्क्यांत ही चाचणी याच पातळीला पॉझिटिव्ह आली होती. अशाच एखाद्या निरोगी माणसाला चिकुनगुन्या झाला असे समजा. जोराचा ताप २, सुजलेले सांधे ६, घटलेल्या श्वेतपेशी ३, बेरीज ११. गुणांच्या हिशेबाने तो उत्तीर्ण, पण ल्यूपस त्याला नाहीच!

हा घोटाळा टाळणारे वाक्य निकषांतच आहे. एखाद्या लक्षणाचे ल्यूपसपेक्षा अधिक संभाव्य कारण असेल, तर त्याचे गुण धरू नयेत. या नियमाला स्वतःचा एकही गुण नाही. पण माझ्या मते सबंध तक्त्यात सर्वांत मोलाचा नियम हाच. तो पाळायचा तर वस्तीत कोणती साथ आहे, सांधे किती दिवस दुखत आहेत, कोणती औषधे चालू आहेत, हे विचारावे लागते. दुर्दैवाने बेरीज करणे सोपे आणि विचारणे वेळखाऊ. घाईत गळतो तो हाच नियम.

दुसरा प्रश्न आकड्यांचा. पडताळणीत तक्त्याने सुमारे ९६ टक्के रुग्ण ओळखले आणि रुग्ण नसलेल्यांपैकी ९३ टक्क्यांना योग्य रीतीने वगळले. मात्र त्या १,२७० जणांत ६९६ जण, म्हणजे निम्म्याहून अधिक, ल्यूपसचेच होते. आता अंगदुखीने आलेले १,००० लोक घ्या आणि त्यांत १० जणांना ल्यूपस आहे असे माना. याच टक्केवारीने साधारण १० खरे रुग्ण सापडतील. पण उरलेल्या ९९० पैकी ७ टक्के, म्हणजे सुमारे ६९ जणही उत्तीर्ण होतील. उत्तीर्ण झालेल्या आठांत खरा रुग्ण एखादाच. हे गणित वर्गात अवश्य करून घ्यावे.

निकषकर्त्यांनी आपला हेतू लपवलेला नाही. संशोधनासाठी एकसारखे रुग्ण निवडता यावेत, म्हणून हे वर्गीकरण आहे. निदान हे वैद्याचेच काम. हा भेद विसरला, तर साथीच्या तापातून उठलेल्या माणसाला विनाकारण स्टेरॉइड मिळते आणि ९ गुणांवर थांबलेल्या खऱ्या रुग्णाचे मूत्रपिंड उपचारांवाचून बिघडत राहते. बेरीज अचूक असली, तरी प्रत्येक गुण का दिला, हे विचारल्याशिवाय उत्तरपत्रिका तपासून होत नाही, हे शिक्षकांना वेगळे सांगायला नको.