शेंडा आणि बुडखा

संघर्षाचे साहित्य वाचताना एक कसोटी मनाशी बाळगावी, असे मला वाटते. लेखकाची सहानुभूती ज्याच्याकडे आहे त्याचे चित्र त्याने कसे रंगवले, यावरून त्याच्या भावनेची कल्पना येते. परंतु त्याची ताकद कळते ती, ज्याच्याविरुद्ध त्याने लेखणी उचलली त्या माणसाला तो कोठवर ओळखतो, यावरून. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील पुरातन अरण्ये हा अशाच एका कडव्या झगड्याचा विषय झाली. एका बाजूस करवत घेऊन उभा असलेला लाकूडतोड्या, दुसऱ्या बाजूस झाडाच्या शेंड्यावर मचाण बांधून धरणे धरून बसलेला सत्याग्रही. या अरण्यांभोवती लिहिलेली तीन पुस्तके या कसोटीला लावून पाहावीत, एवढाच या लेखाचा हेतू आहे. केन कीसीची कादंबरी ‘समटाइम्स अ ग्रेट नोशन’ १९६४ ची. ज्यूलिया बटरफ्लाय हिल हिचे आत्मकथन ‘द लेगसी ऑफ लूना’ २००० चे. आणि रिचर्ड पॉवर्सची कादंबरी ‘द ओव्हरस्टोरी’ २०१८ ची. या अखेरच्या पुस्तकाला २०१९ साली पुलित्झर पारितोषिक मिळाले.

प्रथम घडले काय, ते थोडक्यात सांगितले पाहिजे. उत्तर कॅलिफोर्नियातील हम्बोल्ट परगण्यात पॅसिफिक लंबर नावाची जुनी कंपनी रेडवुड वृक्षांची तोड करीत असे. ती बेताबेताने तोड करते, असा तिचा लौकिक होता. स्कोशिया हे सारे गावच तिच्या मालकीचे; कामगार तिच्याच घरांत राहत. १९८५-८६ मध्ये टेक्ससच्या मॅक्झॅम कंपनीने चढ्या व्याजाचे कर्जरोखे काढून ती विकत घेतली. हे कर्ज फेडायचे कशातून? अर्थात झाडांतून. तोडीचा वेग निदान दुपटीवर गेला. मूळच्या रेडवुड अरण्यापैकी एव्हाना सुमारे पाच टक्केच उरले होते. १९९६ सालच्या अखेरच्या रात्री, डोंगराच्या तोडलेल्या उतारावरून चिखलाचा लोंढा आला आणि स्टॅफर्ड या वस्तीतील घरे त्याखाली गेली. त्याच डोंगरावरील ‘लूना’ नावाच्या हजारांहून अधिक वर्षांच्या रेडवुडवर १० डिसेंबर १९९७ रोजी हिल चढली. तेव्हा ती तेवीस वर्षांची होती. ती खाली उतरली १८ डिसेंबर १९९९ रोजी, म्हणजे ७३८ दिवसांनी.

हिलचे पुस्तक या दिवसांचे आहे. सुमारे १८० फुटांवरील मचाण, ताडपत्रीत शिरणारा पाऊस, घिरट्या घालून झाड हादरवणारे हेलिकॉप्टर, खाली रसद अडवून बसलेले पहारेकरी, हे सारे ती अलंकरणाशिवाय सांगते. १९९८ च्या हिवाळ्यातील वादळात ताठ न राहता फांदीप्रमाणे वाऱ्याबरोबर झुकायला ती शिकली. तो भाग पुस्तकाचे मर्म आहे. परंतु जेथे अनुभव संपून उपदेश सुरू होतो, तेथे तिची भाषा सैल पडते. ती धर्मोपदेशकाची मुलगी आहे, हे तिने सांगितले नसते तरी चालले असते. तिच्या वाक्यांवरून ते कळते. आणि तरीही लाकूडतोड्यांशी बोलत राहण्याची, शेवटी कंपनीच्या अध्यक्षांशी वाटाघाट करण्याची तिची चिकाटी पाहिली म्हणजे वाटते की, तिच्या वागण्यात जी समज आहे ती तिच्या लिहिण्यात पुरती उतरलेली नाही.

‘द ओव्हरस्टोरी’ ही कितीतरी मोठ्या आवाक्याची कृती. मुळे, खोड, शेंडा आणि बिया असे तिचे चार भाग; नऊ मुख्य पात्रे. पहिल्या भागात ती वेगवेगळी भेटतात, जणू आठ स्वतंत्र कथाच. पिढ्यान्‌पिढ्या एकाच चेस्टनटचे दरमहा छायाचित्र घेणारे आयोवातील शेतकरी घराणे, व्हिएटनामच्या युद्धात विमानातून पडताना वडाने झेललेला सैनिक, झाडे एकमेकांशी संदेशांची देवाणघेवाण करतात हे सांगितल्याबद्दल विद्वानांनी वाळीत टाकलेली शास्त्रज्ञ बाई. या कथा मराठी लघुकथेच्या वाचकाला मनापासून आवडतील. पुढे निक आणि ऑलिव्हिया ‘मीमास’ नावाच्या रेडवुडवर सुमारे वर्षभर राहतात. त्या उंचीवर, फांद्यांच्या बेचक्यांत साचलेल्या मातीत दुसरे रान उगवलेले आहे, हे पॉवर्स ज्या प्रत्ययाने दाखवतो त्याला तोड नाही. झाड ही येथे पार्श्वभूमी नाही, ते पात्र आहे. आणि ही सिद्धी लहान नव्हे.

पण आपली कसोटी येथे लावून पाहा. नऊ पात्रांत लाकूडतोड्या एकही नाही. ते झाडाखाली येतात, वाद घालतात, धमकावतात. पॉवर्स त्यांना राक्षस करीत नाही, हा त्याचा सुसंस्कृतपणा. पण आपण त्यांना वरूनच पाहतो. दोनशे फुटांवरून माणसाचे डोके आणि खांदे दिसतात, चेहरा दिसत नाही. त्याच्या घराचा हप्ता, त्याच्या बापाचे तुटलेले बोट, गिरणी बंद पडली तर ओस पडणारे गाव, यांपैकी काहीही मुळे या भागात रुजलेले नाही. झाडाच्या हजार वर्षांना जागा देणाऱ्या कादंबरीत माणसाच्या तीन पिढ्यांच्या धंद्याला जागा मिळू नये, हे वैगुण्य आहे.

ती जागा कीसीने चौपन्न वर्षे आधी दिली होती. त्याच्या कादंबरीतील स्टॅम्पर कुटुंब ऑरेगॉनच्या किनाऱ्यावर लाकूडतोडीवर जगते. यांत्रिक करवतीमुळे माणसांचे काम घटले म्हणून संघटनेने संप पुकारला आहे. स्टॅम्पर मंडळी तो मोडून गिरणीला ओंडके पुरवतात. सारा गाव वैरी होतो. हॅन्क, त्याचा सावत्रभाऊ ली, म्हातारा हेन्री, नदी दररोज जिचा पाया कुरतडते अशी त्यांची वास्तू, या सर्वांना कीसी आतून ओळखतो; एकाच वाक्यात तीन माणसांचे मन बोलू लागते आणि वाचक गोंधळला तरी वाहत जातो. ओंडक्याखाली अडकलेला जो बेन चढत्या भरतीच्या पाण्यात हळूहळू बुडतो आणि हॅन्क त्याच्या तोंडात आपला श्वास भरत राहतो, तो प्रसंग वाचल्यावर लाकूडतोड्याला केवळ ‘करवतवाला’ म्हणणे पुन्हा शक्य होत नाही. मात्र या प्रचंड पुस्तकात झाड तोडावे की नाही, हा प्रश्न कोणालाच पडत नाही. झाड हे पाण्यासारखे, पावसासारखे एक आव्हान. पॉवर्सला बुंध्याशी उभा माणूस दिसत नाही, कीसीला शेंडा दिसत नाही.

दोन्ही पुस्तके शेजारी ठेवली की एक गोष्ट लक्षात येते. हॅन्क आणि ऑलिव्हिया एकाच मातीचे आहेत. कोणी कितीही समजावो, तो काम थांबवणार नाही आणि ती खाली उतरणार नाही. म्हातारा हेन्री आपला तुटलेला हातसुद्धा गावाला उद्धट खूण दाखवण्यासाठी खांबावर टांगायला लावील अशा जातीचा, आणि शेवटी तो हात खरोखरच टांगला जातो. ऑलिव्हिया मीमास पडल्यानंतर आगी लावण्यापर्यंत पोचते आणि त्यातच मरते. दोन्ही लेखकांना या न वाकण्याचे आकर्षण आहे. निर्धार हा कथेला सोयीचा असतो, तडजोड गैरसोयीची. प्रत्यक्षातील लूना मात्र तडजोडीने वाचली. पन्नास हजार डॉलर द्यायचे, झाडाभोवती दोनशे फुटांचा पट्टा राखायचा, असा करार झाला. हे कंटाळवाणे कागद कादंबरीला नकोसे वाटतात.

शिवाय या झगड्यातील तिसरा पक्ष दोन्ही कादंबऱ्यांना नीट सापडत नाही. तो कर्जरोख्यांत बसलेला असतो. मॅक्झॅमने कामगारांच्या निवृत्तिवेतनाच्या निधीतील शिल्लकही काढून घेतली आणि ज्या विमा कंपनीवर तो भार सोपवला ती १९९१ मध्ये कोसळली. त्याच समूहाच्या ॲल्युमिनियम कारखान्यातील पोलाद-कामगार संघटनेचे सभासद १९९८ मध्ये संपावर गेले, पुढे त्यांच्यावर टाळेबंदी आली, आणि ते या अरण्यवाल्यांच्या खांद्याला खांदा लावून उभे राहिले. शेंडा आणि बुडखा एकाच खोडाचे आहेत, हे त्यांना कळले होते.

हे लेखणीनेही सांगणारी एक बाई होती. ज्यूडी बॅरी सुतारकाम केलेली, कामगार चळवळीत वाढलेली. १९८७ मध्ये क्लोव्हरडेलच्या गिरणीत ओंडक्यातील खिळ्यावर करवत तुटून एक कामगार जबर जखमी झाला होता. करवत निकामी व्हावी म्हणून झाडांत खिळे ठोकण्याची रीत बॅरीने १९९० मध्ये जाहीरपणे टाकली, आणि ती गिरणी-कामगारांशी बोलू लागली. त्याच वर्षी २४ मे रोजी ओकलंडमध्ये तिच्या मोटारीत बाँब फुटला. पोलिसांनी तिलाच अटक केली. २००२ मध्ये ज्यूरीने तिच्या बाजूने ४४ लाख डॉलरची भरपाई ठरवली, तेव्हा तिला मरून पाच वर्षे झाली होती. ‘टिंबर वॉर्स’ (१९९४) हा तिच्या लेखांचा संग्रह कलाकृती नव्हे. घाट नाही, पुनरुक्ती पुष्कळ. पण दोन्ही बाजूंच्या माणसांचे चेहरे एकाच पानावर दिसतात ते या पुस्तकात.

मराठी वाचकाने येथे एक सावधगिरी बाळगावी. झाडासाठी उभी राहिलेली बाई म्हटली की आपल्याला १९७४ ची रेणी आणि गौरादेवी आठवतात. तेथे झाडाला मिठी मारणाऱ्या गावच्याच होत्या. सरपण, चारा आणि डोंगराचा धीर त्यांच्या रोजच्या जगण्याचा होता, आणि परका होता तो ठेकेदार. हम्बोल्टमध्ये उलट. हिल आर्कान्सातून आलेली, आणि करवत धरणारा गावचा. ‘द ओव्हरस्टोरी’ चिपकोच्या चष्म्यातून वाचली तर तिच्यातील उणीव आपल्याला जाणवणारच नाही, कारण ती उणीव आपण आपल्या आठवणींनी भरून काढू.

मग या पुस्तकांचे मोल काय? पॉवर्सने कादंबरीला झाड दिले, कीसीने लाकूडतोड्या दिला, हिलने मचाणावरचा पाऊस दिला. प्रत्येक देणे खरे आहे. परंतु मोठी साहित्यकृती ती, जिच्यात हॅन्क मान वर करून ऑलिव्हियाकडे पाहील आणि त्याला तेथे आपलाच हट्ट बसलेला दिसेल. ती अजून लिहिली गेलेली नाही. दरम्यान २००७ मध्ये पॅसिफिक लंबरचे दिवाळे निघाले. कर्जरोख्यांनी जंगल आणि नोकऱ्या दोन्ही खाल्ल्या. आणि हिलचे पुस्तक प्रसिद्ध झाल्यावर काही महिन्यांनी, नोव्हेंबर २००० मध्ये, कोणीतरी रात्री येऊन लूनाच्या बुंध्यात करवत घातली. घाव खोल होता. पोलादी पट्ट्या आणि तारा बांधून ते झाड सावरले, आणि ते उभे राहिले. हा घाव कोणी घातला, हे कळले नाही. त्या अंधारात आलेल्या माणसाच्या मनात शिरण्याचे धैर्य ज्या लेखकाला होईल, तोच ही राहिलेली कादंबरी लिहील.