लाकडी डोंगर: मोडायचे की राखायचे?

न्यूयॉर्कच्या कोनी आयलंडवरचा 'सायक्लोन' २६ जून २०२७ रोजी शंभर वर्षांचा होईल. त्याची उंची अवघी ८५ फूट. आजच्या अजस्र रोलर कोस्टरांशेजारी तो ठेंगणा दिसेल. पण पहिल्या चढावर साखळीची खडखड सुरू होते, समोर अटलांटिक पसरतो, गाडी माथ्यावरून खाली कलते आणि पोटात गोळा येतो. तो गोळा १९२७ सालीही असाच येत होता.

अमेरिकेत आणि युरोपात मोजकेच असे जुने रोलर कोस्टर आज उभे आहेत आणि त्यांच्यापुढे तोच प्रश्न पुन्हा पुन्हा येतो: राखायचे की काढून टाकायचे? मालक म्हणतात, देखभाल परवडत नाही. तरुण प्रेक्षक म्हणतात, फार हादरे बसतात. दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे. तरीही हा प्रश्न नेहमी वयाच्या अंगाने विचारला जातो आणि मला वाटते, चूक तिथेच होते.

ती समजायला रोलर कोस्टरच्या कलेचा थोडा इतिहास पाहायला हवा. लामार्कस थॉम्पसन यांनी १८८४ मध्ये कोनी आयलंडवरच आपली 'स्विचबॅक रेल्वे' सुरू केली. पाच सेंटांत सफर, आणि वेग ताशी सहा मैलांच्या आसपास. पुढे जॉन मिलर या रचनाकाराने गाडीची चाके रुळाच्या खालूनही बसवली आणि १९१९ मध्ये त्याचे पेटंट घेतले. तोवर टेकाड फार उभे केले की गाडी रुळावरून उचलली जाण्याची भीती असे. खालच्या चाकांनी गाडीला रुळाशी बांधून ठेवले आणि रचनाकाराचे हात मोकळे झाले. प्रवासी आसनावरून क्षणभर अलगद उचलला जावा, इतका उतार आता त्याला घेता येऊ लागला. १९२० च्या दशकातली भरभराट या एका सुधारणेवर उभी राहिली. त्या काळी एकट्या अमेरिकेत दीड हजारांहून अधिक रोलर कोस्टर होते, असे सांगितले जाते. मग मंदी आली, महायुद्ध आले, शहरे पांगली, आणि १९६० च्या सुमारास दोनशेही उरले नव्हते. ओहायोतल्या किंग्ज आयलंड उद्यानात जॉन अ‍ॅलन यांनी १९७२ मध्ये 'रेसर' उभारला, तेव्हा लाकडी कोस्टरांना पुन्हा दिवस आले.

म्हणजे आज उरलेले जुने कोस्टर हे गाळून उरलेले आहेत, आणि प्रत्येकाची स्वतःची चाल आहे. पिट्सबर्गजवळच्या केनीवुड उद्यानातला १९२० चा 'जॅक रॅबिट' घ्या. नेहमीच्या कोस्टरमध्ये साखळीचा चढ आरंभीच असतो. इथे गाडी आधी घळीत उतरते, मग वर ओढली जाते. मिलर यांनी जमिनीचा मूळचा उतार फुकटात वापरून घेतला आणि शेवटाकडे एकाखाली एक असा जोड-उतार ठेवला. पहिल्या उतारावर सावरलो म्हणेपर्यंत दुसरा पायाखाली येतो. सत्तर फुटांत काय साधता येते, हे ज्याला शिकायचे आहे त्याने तिथे जावे.

मेलबर्नच्या सेंट किल्डा भागातल्या लूना पार्कमधली 'सीनिक रेल्वे' १९१२ पासून अखंड चालू आहे. तिच्या गाडीत आजही एक ब्रेकमन उभा असतो. गाडी किती भरली आहे आणि वारा कुठून वाहतो आहे, याचा अंदाज घेऊन तो हाताने वेग आवरतो. कोपनहेगनच्या तिवोलीतही १९१४ च्या 'रुत्शेबानेन'मध्ये ब्रेकमन आहे. संगणकाने चालवलेली गाडी दरवेळी सारखीच धावते. ब्रेकमनच्या हातातली गाडी मात्र प्रत्येक फेरीत थोडी वेगळी वाजते. ही कला नकाशात किंवा चित्रफितीत जपता येत नाही. ती चालू ठेवूनच जपावी लागते.

आता हादऱ्यांकडे येऊ. लाकडी कोस्टरचा रूळ म्हणजे एकावर एक बसवलेल्या फळ्यांचे थर आणि त्यांच्यावर पोलादाची पट्टी. पावसाने लाकूड फुगते, उन्हाने आकसते, चाकांच्या माऱ्याने बोल्ट सैल होतात. म्हणून उद्यान उघडण्यापूर्वी दररोज सकाळी माणसे रुळावरून पायी चालत जातात, पट्टी आणि फळी न् फळी तपासतात, बोल्ट आवळतात. हंगाम संपला की खराब झालेला रूळ उचकटून नवा घालतात. अशा रीतीने वर्षे गेली की मूळचे लाकूड फारसे उरतही नाही. उरते ती रचना.

मिरजेच्या तंबोऱ्याचे असेच असते. तारांच्या घर्षणाने घोडीवर खाचा पडतात आणि नाद बसतो. तेव्हा कारागीर घोडी घासून पुन्हा जवारी काढून देतो. जवारी गेली म्हणून तंबोरा मोडीत काढणारा गवई मी पाहिलेला नाही. कोस्टर खडबडीत झाला याचा अर्थ बहुतेक वेळा इतकाच असतो की त्याची जवारी काढणे कोणीतरी टाळले आहे. ओहायोतल्या किंग्ज आयलंडचा 'बीस्ट' १९७९ चा, लांबी सुमारे ७,३६० फूट. त्याच्या रुळाचा बराच भाग २०२२ मध्ये नव्याने घातला गेला. त्याच उद्यानात २००० साली 'सन ऑफ बीस्ट' उभा राहिला होता. उंची २१८ फूट, शिवाय लाकडी कोस्टरला न शोभणारे गोल वेटोळे. विक्रमासाठी केलेली ती रचना होती. २००६ च्या अपघातानंतर वेटोळे काढले, २००९ मध्ये कोस्टर बंद झाला, २०१२ मध्ये तो पाडला. बाप धावतो आहे आणि मुलगा दहाव्या वर्षीच थांबला. वय हा निकष असता तर हे उलटे घडायला हवे होते.

पोलादी कोस्टरांची गोष्ट मात्र वेगळी आहे. लोकांना वाटते पोलाद टिकाऊ आणि लाकूड तकलादू. जतनाच्या दृष्टीने बऱ्याचदा याच्या उलट असते. लाकडी रुळाची एक फळी सुतार बदलू शकतो. पोलादी नळीच्या जोडात थकव्याने तडा जाऊ लागला की तो आख्खा तुकडा कारखान्यातून घडवून आणावा लागतो, आणि कधी तो कारखानाच उरलेला नसतो. डिस्नेलँडच्या 'मॅटरहॉर्न'साठी १९५९ मध्ये पोलादी नळ्यांचा रूळ पहिल्यांदा वापरणारी अ‍ॅरो ही कंपनी २००१ मध्ये दिवाळखोरीत गेली. तिने केलेला किंग्ज आयलंडचा 'व्हॉर्टेक्स' १९८७ पासून धावत होता. २०१९ मध्ये तो निवृत्त झाला. व्हर्जिनियातल्या बुश गार्डन्समधला 'लॉक नेस मॉन्स्टर' त्याच कंपनीचा, १९७८ चा, एकमेकांत गुंतलेल्या दोन वेटोळ्यांचा. त्याच्या मालकांनी मात्र रुळाचे भाग नव्याने घडवून घेतले आणि २०२४ मध्ये तो पुन्हा धावू लागला. दोन्ही निर्णय मला पटतात. व्हॉर्टेक्सच्या जातीचे कोस्टर इतरत्र होते. गुंतलेली वेटोळी फार थोड्या ठिकाणी उरली होती.

चुकीची डागडुजी काय करते याचाही नमुना पोलादातच सापडतो. कॅलिफोर्नियातल्या सिक्स फ्लॅग्ज मॅजिक माउंटनमधला 'रिव्होल्यूशन' हा १९७६ चा कोस्टर. अन्टोन श्वार्त्सकोफ यांनी बनवलेला आणि वेर्नर श्टेंगेल यांनी गणिताने तोललेला. आधुनिक उभे वेटोळे पहिल्यांदा इथे आले, तेही पाण्याच्या थेंबाच्या आकाराचे, म्हणजे मानेवर ताण न आणणारे. पुढे त्याच्या गाड्यांना खांद्यांवरून येणारे जाड अडसर बसवले गेले आणि लोक तक्रार करू लागले की डोके आपटते. २०१६ मध्ये नुसत्या मांडीवरच्या अडसराच्या गाड्या आल्या आणि जुनी मऊ चाल परत आली. म्हातारा म्हणून त्याला नावे ठेवणारे लोक खरे तर त्याच्या अंगावर घातलेल्या नव्या कपड्यांना नावे ठेवत होते.

काढून टाकण्याच्या बाजूने दोन गंभीर मुद्दे आहेत आणि त्यांना बगल देता येणार नाही. पहिला सुरक्षेचा. लंडनच्या बॅटर्सी पार्कमधल्या 'बिग डिपर'वर ३० मे १९७२ रोजी वर ओढली जाणारी गाडी सुटून मागे घसरली आणि पाच मुले दगावली. मागे घसरण रोखणारी यंत्रणा निकामी ठरली होती. त्यानंतर तो कोस्टर कायमचा गेला आणि जायलाच हवा होता. निगा न राखलेला जुना कोस्टर हा वारसा नव्हे, धोका आहे. ज्याला रोज सकाळी रुळावर चालणारी माणसे ठेवायची नाहीत, त्याने जतनाच्या गोष्टी करू नयेत.

दुसरा मुद्दा नूतनीकरणाचा. आयडाहोतल्या रॉकी माउंटन कन्स्ट्रक्शन या कंपनीने जुन्या लाकडी सांगाड्यावर पोलादी रूळ चढवण्याची पद्धत आणली. टेक्ससचा १९९० चा 'टेक्सस जायंट' २०११ मध्ये असा बदलला. ओहायोच्या सीडर पॉइंटमधला १९९१ चा 'मीन स्ट्रीक' २०१८ मध्ये 'स्टील व्हेन्जन्स' झाला आणि कोस्टरप्रेमींनी त्याला डोक्यावर घेतले. माझा या पद्धतीला विरोध नाही. हे दोन्ही कोस्टर उंचीच्या शर्यतीत जन्मले होते. लाकडाला न झेपणारे वजन आणि वेग त्यांच्यावर लादला होता. रूपांतराने त्यांचे भलेच झाले. पण हाच उपाय मिलर यांच्या काळातल्या कोस्टरवर केला, तर लाकडाच्या रुळावरची किंचित डोलणारी, कुरकुरणारी चाल संपेल. मग नाव जुने आणि वस्तू भलतीच, असे होईल.

जमिनीपुढे तर कला नेहमीच हरत आली आहे. कोनी आयलंडवरचा मिलर यांचा १९२५ चा 'थंडरबोल्ट' नोव्हेंबर २००० मध्ये शहर प्रशासनाने पाडला. ती कारवाई समर्थनीय नव्हती, असे पुढे ज्यूरीने ठरवले, पण तोवर लाकूड गेले होते. ओहायोतल्या जिओगा लेक उद्यानाला २००७ मध्ये टाळे लागले आणि तिथला १९२५ चा 'बिग डिपर' नऊ वर्षे झाडोऱ्यात उभा राहून २०१६ मध्ये पाडला गेला. इंग्लंडमधल्या ब्लॅकपूलच्या प्लेझर बीचवरचे 'बिग डिपर' आणि 'ग्रँड नॅशनल' २०१७ मध्ये संरक्षित वास्तूंच्या यादीत आले. त्याच वर्षीच्या हंगामानंतर त्याच उद्यानातला १९५८ चा लाकडी 'वाइल्ड माउस' मात्र पाडला गेला. यादीत नाव नसले की कोणी विचारत नाही.

पण जिथे माणसे उभी राहिली, तिथे निकाल वेगळा लागला. सायक्लोन १९६९ मध्ये बंद पडला होता आणि शेजारच्या मत्स्यालयाला ती जागा हवी होती. नागरिकांनी मोहीम चालवली, १९७५ मध्ये तो पुन्हा सुरू झाला आणि १९८८ मध्ये शहराने त्याला वारसा दर्जा दिला. सॅन दिएगोचा १९२५ चा 'जायंट डिपर' १९७६ मध्ये थांबला. तो वाचवण्यासाठी लोकांनी समिती केली आणि १९९० मध्ये तो धावू लागला. इंग्लंडमधल्या मार्गेटची १९२० ची 'सीनिक रेल्वे' २००८ मध्ये कोणीतरी पेटवून दिली. सात वर्षांनी ती पुन्हा उभी राहिली.

माझा निकाल सरळ आहे. मालकाने काढून टाकण्याचा निर्णय घेण्याआधी तीन प्रश्नांची उत्तरे जाहीरपणे द्यावीत. या कोस्टरची चाल दुसरीकडे कुठे अनुभवता येते का? तो खडबडीत झाला म्हणता, तर गेल्या दहा वर्षांत त्याच्या रुळावर काय काम केले? आणि जागा सोडायचीच असेल, तर तो उचलून नेणारा कोणी शोधला का? ही उत्तरे समाधानकारक असतील तर निवृत्तीला कोणी हरकत घेऊ नये. न्यू जर्सीतला ४५६ फुटांचा 'किंगडा का' २००५ मध्ये आला आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये सुरुंग लावून पाडला गेला. विक्रमी उंची हीच त्याची ओळख होती. तो वीस वर्षे टिकला, हेही पुष्कळ झाले.

आपल्याकडे या प्रश्नाची चर्चाच झाली नाही. दिल्लीचे अप्पू घर १९८४ मध्ये आले आणि २००८ मध्ये गेले. मुंबईत गोराईचे एस्सेलवर्ल्ड १९८९ मध्ये सुरू झाले; महाराष्ट्रातल्या एका पिढीच्या पोटात पहिला गोळा तिथे आला. तेही बंद पडले. तिथल्या कोणत्या पाळण्याची रचना कोणी केली होती, याची नोंद निदान आता तरी कोणीतरी करायला हवी.

शेवटी एक उदाहरण. टेक्ससमधल्या सॅन अँटोनियोच्या प्लेलँड पार्कमध्ये 'रॉकेट' नावाचा लाकडी कोस्टर होता. उद्यान बंद पडले आणि तो वर्षानुवर्षे तसाच उभा राहिला. पेनसिल्व्हेनियातल्या क्नोबेल्स या कौटुंबिक उद्यानाने तो सोडवला, एकेका लाकडाला खूण केली, सगळे तिथल्या एलिसबर्गला आणून पुन्हा जोडले आणि १९८५ मध्ये 'फिनिक्स' या नावाने सुरू केला. भंगार म्हणून सोडून दिलेला तो कोस्टर २०१८ च्या गोल्डन तिकीट पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट लाकडी रोलर कोस्टर ठरला. न्यू जर्सी-न्यूयॉर्ककडच्या मराठी घरांपासून तो काही तासांच्या अंतरावर आहे. मुलांना घेऊन जा, तिकीट काढा आणि बसा. जुना कोस्टर वाचवण्याचा त्याहून खात्रीचा उपाय नाही.