पहिल्याच भागात थांबलेली भविष्ये

रात्रीची प्रयोगशाळा. पाच देशांच्या शास्त्रज्ञांनी मिळून जोडलेला यंत्रमानव टेबलावर निपचित पडला आहे. डोक्यावर केस नाहीत, चेहऱ्याला ठेवण नाही. त्याचा निर्माता वास्लोविक बेपत्ता आहे. त्याने मागे ठेवलेली टेप उलगडण्याच्या खटपटीत शास्त्रज्ञांकडूनच तिचा मोठा भाग पुसला गेला आहे. उरलेली टेप यंत्रात भरली, तरी काही घडले नाही, म्हणून सगळे निराश होऊन निघून गेले आहेत. मग तो स्वतःच उठतो. आजूबाजूची उपकरणे हाताळत आपला चेहरा घडवतो, त्वचेला रंग देतो, केस बसवतो आणि अंगावर कपडे चढवून दाराबाहेर पडतो. या सगळ्याला ना संवाद ना निवेदन. दूरचित्रवाणीवरच्या विज्ञानकथेत इतका शांत आणि इतका भारून टाकणारा जन्म मी दुसरा पाहिलेला नाही.

हा 'द क्वेस्टर टेप्स'. २३ जानेवारी १९७४ रोजी अमेरिकेच्या एनबीसी वाहिनीवर तो दाखवला गेला आणि त्यापुढचा भाग कधीच आला नाही. तो पायलट होता, म्हणजे मालिका कशी असेल हे दाखवण्यासाठी आधी बनवलेला नमुना भाग. असे कितीतरी पायलट अमेरिकी आणि ब्रिटिश दूरचित्रवाणीच्या इतिहासात पडून आहेत. त्यांच्याकडे जमले नाही म्हणून सोडून दिलेले काम, अशाच नजरेने पाहिले जाते. ही नजर मला मान्य नाही. यातले निदान चार-पाच पायलट पूर्ण कलाकृती म्हणून तोलायला हवेत. तसे तोलले की हेही कळते की विज्ञानकथेला दूरचित्रवाणीवर नेमके काय नाकारले गेले.

आधी व्यवहार पाहू. अमेरिकी वाहिन्यांचे वेळापत्रक अनेक दशके ठरलेले होते. हिवाळ्यात पटकथा निवडायच्या, वसंतात पायलट चित्रित करायचे, मे महिन्यात जाहिरातदारांपुढे नव्या मालिका मांडायच्या आणि सप्टेंबरात प्रक्षेपण सुरू करायचे. डॉक्टर, वकील किंवा पोलिस यांच्या मालिकेला हे जमून जाते, कारण इस्पितळ, कोर्ट आणि चौकी प्रेक्षकाच्या ओळखीची असते. विज्ञानकथेला आधी जग उभे करावे लागते, मग त्या जगाचे नियम सांगावे लागतात, आणि मग त्यात माणसे सोडून गोष्ट सांगावी लागते. हे सगळे दीड तासात. शिवाय सेटचा खर्च एकाच भागाच्या माथी येतो. १९६९नंतर एबीसी वाहिनीने दूरचित्रवाणीसाठी खास चित्रपट बनवून घेण्याचा धडाका लावला, तेव्हा त्यावर एक तोड निघाली. मालिका मंजूर झाली तर हाच पायलट, नाही झाली तर एका संध्याकाळचा चित्रपट. सत्तरच्या दशकातले पायलट आज पाहायला मिळतात ते या सोयीमुळेच.

या साऱ्याच्या मध्यभागी जीन रॉडनबेरी आहेत. 'स्टार ट्रेक'चा त्यांचा पहिला पायलट, 'द केज', १९६५मध्ये एनबीसीने परत पाठवला. तो फार बौद्धिक आहे असे वाहिनीचे म्हणणे पडले, असे रॉडनबेरी पुढे सांगत. त्या काळाच्या मानाने एनबीसीने एक दुर्मीळ गोष्ट केली, दुसरा पायलट मागवला. त्यातून ८ सप्टेंबर १९६६ रोजी सुरू झालेली मालिका ऐंशीच्या दशकात आपल्याकडे दूरदर्शनवर रविवारी सकाळी येत असे. पण 'द केज'चे काय झाले? त्यातली दृश्ये कापून मालिकेच्या 'द मेनॅजरी' या दोन भागांच्या कथेत वापरली गेली आणि मूळ रंगीत फिल्म त्यातच खर्ची पडली. रॉडनबेरींच्या जवळ राहिली ती कृष्णधवल प्रत. १९८६ साली हा पायलट व्हिडिओ कॅसेटवर आला, तेव्हा काही दृश्ये रंगीत आणि मधली कृष्णधवल अशीच जोडलेली होती. जगातल्या सर्वांत गाजलेल्या विज्ञानमालिकेच्या उगमाची ही गत, तर बाकीच्यांची काय कथा!

१९७३ ते १९७५ या काळात रॉडनबेरींच्या एकाच कल्पनेवर तीनदा पायलट झाले. पहिला 'जेनेसिस टू', सीबीएसवर, मार्च १९७३मध्ये. डिलन हंट हा शास्त्रज्ञ १९७९ साली दीर्घनिद्रेच्या प्रयोगात गाडला जातो आणि २१३३मध्ये जागा होतो. जुनी संस्कृती अणुयुद्धात नष्ट झाली आहे. तरीही साऱ्या पृथ्वीखालून धावणारी भुयारी गाडी शाबूत आहे आणि पॅक्स नावाची शांततावादी संघटना तिच्या आधाराने ज्ञान जपते आहे. कल्पना भक्कम आहे, पण मांडणी प्रवासकंपनीच्या माहितीपत्रकासारखी. या गाडीने दर आठवड्याला कुठे कुठे जाता येईल हेच पायलट सांगत बसतो. त्यातला खरा क्षण शेवटी येतो. नायक शत्रूचा अणुप्रकल्प उडवून विजयाच्या आनंदात परततो, आणि ज्यांच्यासाठी त्याने हे केले ते पॅक्सचे लोक मेलेल्यांसाठी हळहळतात. इथून मालिका सुरू व्हायला हवी होती. सीबीएसने त्याऐवजी 'प्लॅनेट ऑफ द एप्स'ची मालिका घेतली. ती एका हंगामातच आटोपली.

पुढच्या वर्षी एबीसीसाठी 'प्लॅनेट अर्थ' आला. तोच डिलन हंट, नट मात्र बदललेला, जॉन सॅक्सन. पुरुषांना औषध घातलेले अन्न देऊन गुलाम करणाऱ्या स्त्रीराज्याची ही गोष्ट आज पाहताना त्रास होतो. स्त्रीमुक्तीच्या चळवळीचा आवाज ऐकून घाबरलेल्या पुरुषांनी रचलेली ती वाटते. १९७५चा 'स्ट्रेंज न्यू वर्ल्ड' रॉडनबेरींविना झाला आणि त्यात मूळ कल्पनेचा प्राणच उरला नाही. एखादी कल्पना तीनदा पायलटमधून काढली की ती सुधारते असे नाही. वाहिनीच्या प्रत्येक शंकेला उत्तर देता देता ती पातळ होत जाते. डिलन हंट हे नाव मात्र टिकले. २०००मध्ये सुरू झालेल्या 'अँड्रोमेडा' मालिकेचा नायक त्याच नावाचा आहे.

'क्वेस्टर' याहून फार वरचा. पटकथा रॉडनबेरी आणि जीन कून यांची. कून १९७३मध्येच वारले, त्यांना तो प्रदर्शित झालेला पाहता आला नाही. टेप पुसली गेल्यामुळे क्वेस्टरला भावना कळत नाहीत. त्या उणिवेची जागा जेरी रॉबिन्सन हा तरुण अभियंता भरतो. लंडनच्या जुगारघरातला प्रसंग पाहा. फासे वजन घालून फिरवलेले आहेत हे क्वेस्टर हातात घेताच ओळखतो, बोटांच्या दाबाने ते सरळ करतो आणि मग जिंकतो. त्याचे गणित बिनचूक आहे. पण कोणत्या माणसावर विश्वास टाकायचा आणि कोणावर नाही, हे त्याला जेरीकडूनच शिकावे लागते. शेवटी अरारात पर्वतात वास्लोविक सापडतो. मानवजातीच्या बालपणापासून असे यंत्रमानव एकामागून एक तिची राखण करत आले आहेत, वास्लोविक त्यांच्यातलाच एक, आणि क्वेस्टर त्या मालिकेतला अखेरचा, हे तिथे कळते. राखण करायची, पण माणसाच्या निर्णयात हात घालायचा नाही, ही त्यांची शिस्त.

मालिकेचे घाटत होते. पण जेरीला वगळा आणि वास्लोविकचा हा शेवट विसरा, असे वाहिनीचे म्हणणे होते. रॉडनबेरींनी ते मानले नाही आणि प्रकरण तिथेच संपले. या मागणीत विज्ञानमालिकांचे सगळे दुखणे आहे. पुसलेल्या टेपची जागा जो माणूस भरतो, त्यालाच काढून टाकायचे. मग उरतो अचाट शक्तीचा एक फरारी, दर आठवड्याला नव्या गावात. तशा मालिका तेव्हा ढिगाने होत्या. माणूस आणि यंत्र एकमेकांना अपुरे पडून एकमेकांना पुरे करतात, ही गोष्ट मात्र तिथे नव्हती. 'स्टार ट्रेक : द नेक्स्ट जनरेशन'मधल्या डेटा या पात्रात क्वेस्टरची छाया स्पष्ट दिसते, पण त्यासाठी १९८७ उजाडावे लागले.

'अर्थ टू' हा एबीसीचा १९७१चा पायलट लोकांना आणखी कमी ठाऊक आहे. पृथ्वीभोवती फिरणारे अवकाशस्थानक स्वतंत्र राष्ट्र म्हणून जन्माला येते. त्याला पाठिंबा असेल तर रात्री घराचे दिवे लावून ठेवा, असे आवाहन जनतेला केले जाते, आणि वरून जाणाऱ्या अंतराळवीरांना काळोख्या भूमीवर ते दिवे दिसतात. एका मतदानाला इतके सुंदर दृश्यरूप क्वचितच कुणी दिले असेल. या राष्ट्रात शस्त्र नाही, आणि प्रत्येक मोठा निर्णय सगळ्या रहिवाशांच्या चर्चेतून व मतदानातून होतो. मग शेजारच्या कक्षेत चीनचे अण्वस्त्र येते. ते निकामी करायचे का? हाती आले तर ठेवायचे की टाकायचे? कोणी खलनायक नाही, दोन्ही बाजूंना भय आहे आणि विवेकही. पायलट संथ आहे, मधला तांत्रिक भाग लांबतो, माणसांपेक्षा यानांवर कॅमेरा अधिक रेंगाळतो. हे दोष मान्य करूनही म्हणतो, लोकशाही ही विज्ञानकथेची मध्यवर्ती कल्पना होऊ शकते हे त्या काळी पडद्यावर इतक्या गंभीरपणे दुसऱ्या कुणी मांडले नव्हते.

इंग्लंडमध्ये जेरी अँडरसन यांनी 'स्पेस : १९९९' या मालिकेच्या दोन हंगामांच्या मधल्या काळात 'द डे आफ्टर टुमारो' केला. हेतू मुलांना आइन्स्टाइनचा सापेक्षतावाद समजावण्याचा. दोन कुटुंबे प्रकाशाच्या वेगाजवळ जाणाऱ्या यानात बसतात. त्यांची काही वर्षे सरतील तेवढ्यात पृथ्वीवर पिढ्या जातील, आणि हे मुलांनाही माहीत आहे. धडा शिकवता शिकवता निरोपाचे दुःख आपोआप कथेत उतरते. १९७५मध्ये अमेरिकेत आणि पुढच्या वर्षी बीबीसीवर तो दाखवला गेला. यान कृष्णविवरातून दुसऱ्या टोकाला निघते तिथे तो संपतो, आणि तो शेवट शेवट म्हणूनही शोभतो.

काही पायलट तर चित्रित होण्याआधीच मालिकेच्या वाटेवरून हटले. १९७७मध्ये पॅरामाउंटने स्वतःच्या नव्या वाहिनीसाठी 'स्टार ट्रेक : फेज टू' जाहीर केली. सेट उभे राहिले, पटकथा लिहून झाल्या, आणि इलिया या परग्रहावरच्या स्त्रीच्या भूमिकेसाठी मुंबईच्या पर्सिस खंबाटा यांची निवड झाली. १९६५च्या मिस इंडिया असलेल्या पर्सिस यांनी या भूमिकेसाठी डोक्यावरचे सगळे केस उतरवले. वाहिनी निघालीच नाही. 'इन दाय इमेज' हा पायलट फुगवून १९७९चा चित्रपट करण्यात आला. इलियासाठी दर आठवड्याच्या कथेत जागा आखलेली होती. चित्रपटात ती लवकरच यंत्राच्या ताब्यात जाते आणि पर्सिस यांच्या वाट्याला बराच काळ निर्विकार चेहरा येतो. पायलटचा चित्रपट झाला की पात्राचे किती नुकसान होते, हे इथे उघड दिसते. फेज टूच्या दोन पटकथा पुढे 'नेक्स्ट जनरेशन'मध्ये वापरल्या गेल्या. इलियाला मात्र तिची मालिका मिळाली नाही.

पुढच्या काळात कारणे बदलली. 'बॅबिलॉन ५' या मालिकेच्या विश्वातला 'द लेजंड ऑफ द रेंजर्स' १९ जानेवारी २००२ला प्रक्षेपित झाला, तेव्हा समोरच्या वाहिनीवर बर्फात रंगलेला अमेरिकी फुटबॉलचा बाद फेरीचा सामना सुरू होता. प्रेक्षक तिकडे गेले. २००४मध्ये जॉन वू यांनी 'लॉस्ट इन स्पेस'चा नवा पायलट केला. तो दाखवलाच गेला नाही, त्याचे सेट विकत घेऊन 'बॅटलस्टार गॅलॅक्टिका' या मालिकेने पेगासस हे जहाज उभारले. वॉरन एलिस यांच्या चित्रकथेवरचा 'ग्लोबल फ्रीक्वेन्सी' २००५मध्ये इंटरनेटवर फुटला, हजारोंनी तो पाहिला आणि वाखाणला, तरी मालिका झाली नाही.

या पिढीतला माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा पायलट रोनाल्ड मूर आणि मायकेल टेलर यांचा 'व्हर्च्युॲलिटी', २००९चा. फेटन हे यान दहा वर्षांच्या प्रवासाला निघाले आहे. कंटाळा घालवायला बारा जणांना आभासी जगाची यंत्रे दिली आहेत, आणि त्यांचे जगणे पृथ्वीवर रिॲलिटी शो म्हणून दाखवले जाते आहे. यानावरचा मानसोपचारतज्ज्ञच त्या कार्यक्रमाचा निर्माता. म्हणजे ज्याच्यापाशी मन मोकळे करायचे, त्यालाच त्या मनातल्या वादळातून प्रेक्षक मिळवायचे आहेत. एवढ्या एका नेमणुकीत आजच्या समाजमाध्यमांचे सगळे दुखणे आधीच येऊन गेले आहे. पायलटच्या शेवटाकडे यानाचा कप्तानच मरतो. मालिका झाली असती तर हा धक्का पुढे उलगडला असता. मालिकेविना तो जखमेसारखा उघडा राहतो, आणि म्हणूनच मनातून जात नाही.

आज हा प्रकारच मागे पडतो आहे. ॲमेझॉनने काही वर्षे पायलट थेट प्रेक्षकांपुढे ठेवून त्यांची मते घेतली. 'द मॅन इन द हाय कॅसल' २०१५मध्ये त्याच वाटेने आली. मिशेल फेबर यांच्या कादंबरीवरचा, परग्रहावर बोलावलेल्या धर्मोपदेशकाची गोष्ट सांगणारा 'ओॲसिस' २०१७मध्ये तसाच ठेवला गेला. त्यात रिचर्ड मॅडन यांच्यासोबत आपले अनिल कपूर होते. तो पुढे गेला नाही. आता स्ट्रीमिंग कंपन्या बहुधा पूर्ण हंगामच एकदम बनवून घेतात. कलावंताला यात मोकळीक अधिक. पण एक शिस्त हरवली. पायलटला दीड तासात स्वतःच्या पायावर उभे राहावे लागे. आता आठ भागांचा हंगाम हळूहळू तापत जातो, प्रश्न शेवटच्या भागासाठी राखून ठेवतो, आणि मालिका बंद पडली की हाती ना प्रश्न उरतो ना उत्तर.

म्हणून हे जुने पायलट पाहताना माझी कसोटी एकच आहे. पुढचा भाग येणार नाही हे ठाऊक असताना हा भाग उभा राहतो का? 'जेनेसिस टू' राहत नाही, कारण त्याचे सारे लक्ष पुढच्या आठवड्यांकडे आहे. 'अर्थ टू' अडखळत का होईना राहतो. 'व्हर्च्युॲलिटी' रक्तबंबाळ होऊन राहतो. 'क्वेस्टर' ताठ उभा राहतो, कारण आपल्याकडे अर्धीच टेप आहे हे त्याला पहिल्यापासून माहीत आहे आणि तेवढ्यावरच चेहरा घडवून तो दाराबाहेर पडला आहे.