परतीची वाट आणि आपले वाङ्मय

नांदेड-लातूरकडच्या जुन्या माणसांच्या बोलण्यात एक वाक्य हमखास येई : "रझाकारात आम्ही गाव सोडलं." पुढे ती माणसे गप्प होत. नांदेडकडची कुटुंबे पैनगंगा ओलांडून उमरखेडच्या बाजूस गेली, लातूरकडची बार्शी-सोलापुराकडे. ते मौन आपल्या वाङ्मयाने कितपत ऐकले, हा प्रश्न मला महत्त्वाचा वाटतो.

या लढ्यावर थोडे लिहिले गेले असे नाही. अनंत भालेरावांनी 'हैदराबादचा स्वातंत्र्यसंग्राम आणि मराठवाडा' लिहिले, नरहर कुरुंदकरांनी त्याची वैचारिक बाजू मांडली, स्वामी रामानंद तीर्थांच्या इंग्रजी आठवणी १९६७ साली आल्या. हे ऋण मोठे आहे. पण अशा लेखनाचा नायक लढणारा असतो. ३० जानेवारी १९४८ ची उमरी बँकेची लूट आपल्याला ठाऊक असते. मार खाऊन, घर जळताना पाहून सरहद्द ओलांडलेला माणूस परत आल्यावर त्याच ओट्यावर कसा झोपला, हे मात्र कथा-कादंबरीने क्वचितच विचारले.

आणि १७ सप्टेंबर १९४८ ला निजामी राजवट संपली, तेव्हा जीव मुठीत धरण्याची पाळी मुसलमान कुटुंबांवर आली. पंडित सुंदरलाल समितीने उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर व नांदेड हे जिल्हे सर्वांत होरपळल्याचे नोंदविले. लातूर तेव्हा उस्मानाबादेत होते. समितीच्या अंदाजाने २७ ते ४० हजार माणसे मेली. हा अहवाल २०१३ च्या सुमारास सामान्य अभ्यासकाला पाहावयास मिळाला. एक दुःख वीरकथेने झाकले गेले, दुसरे कागदांच्या गठ्ठ्याने.

१९८२ साली डॉ. इंगे गेनेफके यांनी कोपनहेगनला छळ सोसलेल्या निर्वासितांसाठी उपचारकेंद्र काढले. निवारा आणि भाकरी पुरत नाही. सोसलेले सांगता यावे, ऐकणाऱ्याने ते खरे मानावे, आणि सांगण्याची सक्ती मात्र नसावी, हा अशा कामाचा धडा आहे. आपल्याकडे असे केंद्र नव्हते. ते काम थोडेफार वाङ्मय करू शकले असते.

दिवाळीला घर भरते. त्या दिवसांची आठवण असलेले कोणी घरात असेल, तर त्याच्याकडे पराक्रमाची गोष्ट मागू नये. काय मागे राहिले, एवढेच विचारावे. बोलले तर लिहून ठेवावे. शेजारच्या मोहल्ल्यातही तसेच विचारावे. त्या वह्यांतूनच उद्याची कादंबरी उभी राहील.